विंझरची पिशवी

लघवी तपासायला कशात आणायची, हे माणसाला कुणी शिकवत नाही. माझ्याकडे ती खोबरेल तेलाच्या बाटलीत आली, अत्तराच्या कुपीत आली, पितळी गडूत आली. एका मास्तरांनी शाईच्या दौतीत आणली, ती अर्थातच निळी होती. दिवाळी अंकात असलं काही लिहू नकोस, लोक फराळ करताना वाचतात, असं आमच्या घरातून बजावून झालं आहे. पण संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं आणि माझं काम हे होतं. उगीच गुलाबपाण्याच्या गप्पा कुठून आणू?

भोरात एका डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात मी तपासनीस होतो. साल साठ-सत्तरच्या दरम्यानचं. मागच्या अंगाला एक खोली, तिच्यात एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या नळ्या. येणारे-जाणारे मला ‘बाटलीमास्तर’ म्हणायचे. पहिल्यांदा राग आला, मग सवय झाली, आणि आता कुणी तसं हाक मारणारं उरलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

कामाचं गुपित सांगतो. अंडं उकडलं की आतलं पाण्यासारखं पांढरं घट्ट होतं, ते तुम्ही रोज बघता. तो पांढरा भाग म्हणजे प्रथिन. आपल्या रक्तातही तसलीच प्रथिनं असतात. मूत्रपिंड म्हणजे बारीक चाळण. ती पाणी जाऊ देते, मीठ जाऊ देते, पण प्रथिन आत अडवते. चाळण बिघडली की प्रथिन लघवीतून वाहून जातं आणि अंगावर सूज चढते. मी काय करायचो, तर नळीत लघवी घ्यायची, वरचा भाग दिव्यावर तापवायचा, आंबट औषधाचे चार थेंब टाकायचे. नितळ राहिलं तर माणूस सुटला. पांढरं धुकं आलं तर एक फुली. दाट झालं तर दोन, तीन. चार फुल्या म्हणजे नळी उलटी केली तरी थेंब सांडायचा नाही, आत खरवस झालेला असायचा.

आता या विद्येत फजितीही होतेच. कापूरहोळच्या एका हॉटेलवाल्याच्या लघवीत मी चक्क तीन फुल्या काढल्या. डॉक्टरांनी त्याला अळणी जेवणावर टाकलं. पंधरा दिवसांनी तो माझ्या खोलीत येऊन रडायलाच लागला. “मास्तर, बिनमिठाचं खाऊन मरन्यापरीस सुजून मरतो की वो!” आज कशात आणलीय म्हणून बाटली बघितली, तर दुधाची. न धुतलेली. पहिलीही त्यातलीच. तापवल्यावर नासलं होतं ते दूध होतं. डॉक्टर सगळ्यांच्या देखत पोट धरधरून हसले. “आपल्या मास्तरांनी गाईच्या दुधाला मूत्रपिंडाचा आजार लावला!” मीही हसलो, पण आतून चांगलाच पोळलो. तेव्हा मी पंचविशीतला होतो आणि माझी तपासणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा माझा तोरा होता. हा तोरा पुढं कसा नडला ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या डॉक्टरांनी वेल्ह्याच्या वाटेवर विंझरला दोन खोल्यांचं बाळंतपणाचं केंद्र काढलं होतं. तिथं सुमनबाई नावाच्या नर्स होत्या. विंझर पंचक्रोशीतल्या बौद्ध कुटुंबातल्या, पुण्यात शिकून परत आपल्या भागात आलेल्या. आजूबाजूच्या वाड्या पायी फिरायच्या, गरोदर बायकांची लघवी बाटल्यांत भरून घ्यायच्या आणि दर मंगळवारी एका खाकी पिशवीतून एसटीच्या कंडक्टरबरोबर भोरला माझ्याकडं पाठवायच्या. कंडक्टर पिशवी माझ्या हातात देताना नाक मुरडायचा. “घ्या मास्तर, तुमचं सरबत!” संध्याकाळच्या गाडीनं निकाल परत जायचे.

प्रत्येक बाटलीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी असायची. नाव, गाव, महिना. हे झालं कामाचं. पण हळूहळू चिठ्ठीच्या पाठीमागं बाई दोन ओळी जास्तीच्या लिहायला लागल्या. ‘मास्तर, ह्या बाईला सहा मुली आहेत, तुमच्या नळीत मुलगा दिसतो का विचारते.’ ‘मास्तर, ओढ्याला पाणी आहे, बाटली डोक्यावर धरून आणली आहे, तेव्हा मान ठेवा.’ मीही उत्तर लिहायचो. लिहून खोडायचो, परत लिहायचो. आयुष्यात कधी कविता केली नाही, ती हौस सगळी तिथं फिटली.

लिहूनच टाकतो. मला सुमनबाई आवडायच्या. फार आवडायच्या. चार-सहा वेळा भेट झाली असेल, तीही लोकांसमोर, कामापुरती. पण मंगळवार उजाडला की मी खिडकीशी घुटमळायचो. एसटीचा आवाज आला की हातातली नळी कुठं ठेवली ते आठवायचं नाही. मी भोरातल्या पेठेतल्या घरचा, त्या कुठल्या, हे दोघांनाही माहीत होतं. ते दिवस कसे होते ते जुन्या माणसांना सांगायला नको. विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि याला मी दिवसांना दोष देतो, पण घाबरट मीच होतो.

त्यामुळं झालं असं, की या चिठ्ठ्या मी कुणाला दाखवायचो नाही. रीत अशी होती, की चिठ्ठी आणि निकाल दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर जायचं. मी निकाल वेगळ्या कागदावर उतरवून द्यायचो आणि चिठ्ठ्या माझ्या खणात. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्या दोन ओळी माझ्या आहेत, त्यांच्यावर दुसऱ्याची नजर कशाला?

दूधप्रकरण होऊन पंधरा दिवस झाले असतील. मंगळवारच्या पिशवीत एक बाटली होती. ‘द्वारका, विंझरच्या वरची वाडी, पहिलटकरीण, आठवा महिना संपत आला.’ मागं लिहिलं होतं, ‘मास्तर, हिच्या पायाला सूज आहे. बोट दाबलं तर खळगा पडतो. कालपासून डोकं दुखतं म्हणते. नीट बघा.’

मी नीट बघितलं. देवाशपथ नीट बघितलं. नळी नितळ. परत केलं, परत नितळ. ‘प्रथिन नाही’ असं लिहून डॉक्टरांना कागद दिला. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं घडीचा कागद आणून दिला. ‘मास्तर, मला पटत नाही. काहीतरी चुकतंय. डॉक्टरांना सांगाल का?’

एवढं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. भोरात सगळे दुधावरून टिंगल करत होतेच, आता या पण? इतरांनी म्हटलेलं चालवून घेतलं असतं, पण ज्यांच्यापुढं आपण शहाणे दिसावं असं वाटतं त्यांनीच चूक म्हटलं की फार झोंबतं. मी ताबडतोब लिहिलं, ‘नळी कुणाची भीड धरत नाही, बाई. मीठ कमी करायला सांगा.’ आणि डॉक्टरांना काही सांगितलं नाही. मीठ कमी करा म्हणून सांगायला मी कोण? डॉक्टर तर नव्हतो. गरोदर बाईला सूज आणि डोकेदुखी म्हटलं की आधी रक्तदाब बघायचा असतो, पण तो मोजायचं यंत्र एकच होतं आणि ते भोरात डॉक्टरांच्या कपाटात होतं. डोकं दुखतंय एवढा एक शब्द त्यांच्या कानावर गेला असता, तर त्यांनी त्या पोरीला त्याच दिवशी उचलून आणली असती.

पुढच्या मंगळवारी पिशवी आली नाही. बुधवारी दुपारी वेल्ह्याची एसटी लागली आणि सुमनबाई स्वतःच उतरल्या. बरोबर द्वारका, तिचा नवरा आणि सासू. द्वारकाचं तोंड सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. नवरा तिला दोन्ही हातांनी धरून चालवत होता. बाई सरळ माझ्या खोलीत आल्या. पदराआडून एक नळी काढली आणि टेबलावर उलटी धरली. थेंब सांडला नाही.

“मास्तर, चार फुल्या,” त्या म्हणाल्या. “काल माझ्यासमोर घेतली आणि चुलीवर तापवली.”

मी ती नळी हातात घेतली. “मग गेल्या वेळची?”

दारात सासू उभी होती. ती कपाळावर हात मारून खालीच बसली. “ती माजी व्हती वो! म्याच भरून दिली.”

त्यांच्या घरात समजूत होती, की पहिलटकरणीचं केस, नख, अंगावरचं काही शिवेबाहेर जाऊ द्यायचं नाही. कुणाच्या हाती लागलं तर करणी करतात. थोरल्या सुनेचं पहिलं मूल असंच गेलं, असं म्हातारीच्या मनानं घेतलं होतं. “तिच्या जिवाला जपाया ग्येले, बाई. मला वाटलं, मुतात काय फरक असतुया? येकाच घरचं खातो-पितो आमी!” ती बोलत होती आणि आपल्याच तोंडात मारून घेत होती. सुमनबाईंनी तिचे हात धरले.

तेवढ्यात बाहेर द्वारकाला झटका आला. दातखीळ बसली, हातपाय ताठ झाले. डॉक्टर धावले, उजेडानं परत झटका येऊ नये म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत नेली, इंजेक्शनं सुरू झाली. मध्येच बाहेर येऊन त्यांनी सुमनबाईंना विचारलं, “आठ दिवस तुम्ही काय करत होतात? मला कळवलं का नाही?”

“कळवलं होतं,” बाई म्हणाल्या. “दोनदा लिहिलं.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत राहिलो. बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मूल झालं. मुलगा. मेलेला. द्वारका दोन दिवस शुद्धीवर नव्हती. तोवर नवऱ्यानं आणि गावच्या माणसांनी मूल नेऊन पुरलंही. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर ही पण गेली असती. म्हणजे सुमनबाईंनी ती नळी चुलीवर धरली म्हणून एक जीव राहिला. आणि चुलीवर तपासणी कशी करायची, हे त्यांना मीच मागं एकदा चिठ्ठीत गमतीनं लिहून कळवलं होतं. एवढं एकच पुण्य माझ्या पदरात आहे.

घरी जायच्या दिवशी द्वारका माझ्या खोलीच्या दारात आली. एकोणीस वर्षांची पोर, भिंतीला धरून उभी.

“मास्तर, म्या काय खाल्लं म्हनून असं झालं वो? जड उचललं म्हनून? का गिरानात बाहेर फिरले म्हनून?”

“नाही, ग्रहणानं वगैरे तसं काही होत नसतं.”

“मंग का झालं?”

का झालं ते मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं. त्या वेळी जगात कुणालाच धड माहीत नसावं. आम्हाला नळीत पांढरं दिसायचं, बस्स. पांढरं का आलं, पहिल्या खेपेलाच का, हिलाच का, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. माझे आठ दिवस मला माहीत होते, तेही मी सांगितले नाहीत. ती मान हलवून निघून गेली. माझ्या गप्प बसण्याचा तिनं काय अर्थ घेतला असेल तो मला तेव्हाच कळला होता.

त्यानंतर विंझरची पिशवी येत राहिली. सुमनबाई छापील फॉर्म भरून पाठवायला लागल्या. नाव, गाव, महिना. मागची बाजू कोरी. मी दर मंगळवारी फॉर्म उलटून बघायचो. वर्षभर बघितलं. एकदा मीच लिहिलं, ‘बाई, माझं चुकलं.’ मग वाटलं, एवढं मोठं चुकल्यावर हे तीन शब्द काय पाठवायचे, म्हणून फाडून टाकलं. पुढं त्यांना दुसरीकडं नोकरी लागली आणि त्या गेल्या. कुठं गेल्या ते विचारायची मला लाज वाटली. माझं लग्न झालं, संसार चांगला झाला, हे इथं नोंदवून ठेवतो, नाहीतर अंक घरी आल्यावर माझी धडगत नाही. पण आजही एसटी वळताना जो घरघराट होतो तो कानावर आला की मी खिडकीशी जातो. ती खोली परत मिळावी, स्पिरिटचा तो वास यावा, हातात पिशवी पडावी, आणि कागद उलटा केला की मागं ‘मास्तर’ एवढा एक शब्द असावा. बाकी काही नको. या वयात माणूस आणखी काय मागणार?

माझी नात पुण्यात प्रथिनांवर संशोधन करते. तिच्या प्रयोगशाळेत गेलो तर मला दिवा कुठं दिसेना. एकदा तिला द्वारकाची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, “आजोबा, याच्यावर बरंच कळलंय आता.” आणि तिनं मला समजावलं. प्रथिन म्हणजे नुसती डाळ-अंडी नव्हे. शरीराच्या प्रत्येक कणात ती कामाला असतात आणि एकमेकांना ओळखतात. भाताची रोपं लावायला, आवणीला उतरलेल्या बायका जशा न सांगता एकमेकींच्या हाताला हात देतात, तसं एक दुसऱ्याला धरतं, काम होतं, सोडतं. गरोदरपणी वारेला, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवाला, रक्त कमी पडलं, की ती आईच्या रक्तात एक प्रथिन जास्तीचं सोडते. आईच्या रक्तात दुसरं एक असतं, ते रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर राखतं. हे पहिलं त्या दुसऱ्याला धरून बसतं, सोडतच नाही. मग अस्तराचे हाल होतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडाची चाळण गळायला लागते. “अजून सगळं कळलेलं नाही,” नात म्हणाली, “पण खाणं, उचलणं, ग्रहण, यातलं काही नाही, एवढं नक्की.”

मी दोन दिवस नीट जेवलो नाही. उत्तर मिळालं होतं आणि विचारणारी पन्नास वर्षं मागं राहिली होती. शेवटी गेल्या वर्षी नातीला म्हटलं, मला विंझरला ने.

द्वारकाबाई सापडल्या. रस्त्यालाच मुलाचं किराणा दुकान आहे, त्याच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पुढं तीन मुलं झाली, तिन्ही सुखरूप. नवरा आणि सासू दोघंही गेली. मी नाव सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. “बाटलीमास्तर व्हय? आरं द्येवा! किती म्हातारं झाला वो तुमी!”

चहा झाला. मी सगळं सांगितलं. नात मध्ये मध्ये सोपं करून सांगत होती. शेंगा फोडायच्या थांबवून त्यांनी ऐकलं.

“म्हंजी रगात कमी पडलं म्हनून ते लेकरू माज्याकडं मागत व्हतं?” त्यांनी विचारलं. “आन् म्या दिलं न्हाई?”

“तसं नाही हो, तुम्ही सगळं दिलंत. म्हणून तर तुमचाच जीव जायची वेळ आली.” मी म्हटलं. “तुमच्याकडून काही चुकलं नाही. सासूबाईंचं चुकलं ते मायेपोटी. चुकलं ते माझं. बाईंनी लिहून पाठवलं होतं, मी आठ दिवस डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मूलही कदाचित वाचलं असतं.”

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. रस्त्यानं एक टेम्पो गेला. मी मान खाली घालून बसलो होतो. काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं, एवढंच ठरवून आलो होतो.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “मला शुद नव्हती. मला कुनी दावलंच न्हाई त्याला. मालकांना इचारलं, तर ते म्हनायचं, नको काडू ती याद. सासूबाई नुसत्या रडायच्या. तुमी हुता तितं. तुमी बगितला का त्याला?”

बघितला होता. त्या दुपारी दवाखान्यात दुसरी जागा नव्हती, म्हणून माणसं येईपर्यंत अर्धा तास त्याला माझ्या खोलीत टेबलावर ठेवलं होतं. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

“बघितला,” मी म्हटलं. “केस दाट होते. काळेभोर, ओले.”

“केस व्हतं?”

“होते. कपाळ रुंद होतं, तुमच्या मालकांसारखं. मुठी झाकलेल्या.”

“रंग?”

“तुमचा.”

त्यांनी डोळे मिटले. “आनि?”

“बोटं लांब होती.”

“आनि?”

मी सांगत राहिलो. जेवढं बघितलं होतं तेवढं कधीच संपलं होतं, तरी मी सांगत राहिलो.